जळगावहून आणलेला लॅपटॉप

१५ मे १९९९. धुळ्यातल्या आमच्या गच्चीवर मी सकाळी सहापासून बिबड्या घालत होते. ज्वारीचं शिजवलेलं पीठ ओल्या कापडावर पातळ थापायचं आणि ऊन चढायच्या आत घाणा संपवायचा. अशा वेळी मी कुणाशी बोलत नाही. भाची जिना चढून वर आली आणि कठड्याला टेकून उभी राहिली. तिच्या हातात पाकीट होतं.

"मावशी, हात रिकामे झाले की एक पत्र वाचून दाखवायचंय."

"हात रिकामे व्हायला जून उजाडेल. वाच."

पत्र आदल्या दिवशीच आलं होतं. त्या दिवशी मी उडदाच्या पापडांवरून चिडलेली होते म्हणून तिनं ते रात्रभर स्वतःजवळ ठेवलं. हे मला तेव्हा खटकायला हवं होतं. खटकलं नाही.

ती माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बोदवडला तिच्या वडिलांचं कापडाचं छोटं दुकान. बारावीनंतर ती आमच्याकडे शिकायला आली आणि कॉम्प्युटर घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला बसली. मी त्याच कॉलेजात भांडार सांभाळत असे. काचसामान, रसायनं, पंखे, खुर्च्या, सगळी खरेदी माझ्या हातून होई. नातेवाइकांतही फ्रिज असो की शिलाई मशीन, दुकानात मला घेऊन जायचे. मी घेतलेली वस्तू परत करावी लागली, असं तोवर कधी झालं नव्हतं आणि ते मी लोकांना सांगतही असे.

पत्र पुण्याहून आलं होतं. तिथे एक गृहस्थ दोन खोल्यांत लिनक्सचं आणि नेटवर्कच्या सुरक्षेचं चार महिन्यांचं प्रशिक्षण देत. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी व्यवस्था, पण फुकट. एका मासिकाबरोबर लिनक्सची सीडी आली होती आणि भाची ती सीडी दागिन्यासारखी जपायची. जागा बारा होत्या, मशीन ज्याचं त्यानं आणायचं होतं. प्रवेश परीक्षा साधी होती. ३१ मेपर्यंत स्वतःच्या मशीनवर लिनक्स बसवायचं, त्यावरूनच फोनच्या लाइनने इंटरनेटला जोडायचं आणि एक ईमेल पाठवायची. जोडणी होताना मशीन आपल्या आपण ज्या ओळी नोंदवतं, त्या ईमेलमध्ये उतरवायच्या. ज्याला हे जमेल त्याला जागा.

"एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच म्हणजे खूप आहे गं."

बोदवडला फोन केला. मोटारसायकलसाठी बाजूला ठेवलेले पैसे द्यायला मेहुणे तयार झाले, पण त्यांनी अट घातली. पुण्याची जागा यंदा मिळाली तर जा, नाही मिळाली तर डी.एड. करायचं आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. फॉर्म त्यांनी आणूनच ठेवला होता. भाचीनं अट मान्य केली. तिला स्वतःवर भरवसा होता.

नवा लॅपटॉप घेणं आमच्या आवाक्याबाहेर होतं. जळगावच्या बाजारात एक वयस्कर चाचा होते. आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, आणि आता मुंबईच्या कंपन्यांनी काढून टाकलेले लॅपटॉप आणून, नीट करून विकायचे. सोमवारी मी रजा टाकली आणि आम्ही दोघी सकाळच्या एस.टी.ने निघालो.

पारोळ्यापर्यंत भाची खिडकीबाहेर बघत होती. मग तिनं पिशवीतून ते मासिक काढलं.

"मावशी, घ्यायच्या आधी ही सीडी लावून बघायची. आणि मोडेमचं एक आहे. मोडेम म्हणजे..."

"माहितेय मला. कॉम्प्युटरला फोनशी जोडतो तो."

"हो, पण त्यात दोन प्रकार असतात..."

"ते नंतर. आधी माझं ऐक. दुकानात तू तोंड उघडायचं नाही. हे चांगलं, ते हवं, असं एक अक्षर नाही. तुझी गरज त्याला कळली की भाव चढला. सरकीचा सौदा करताना तुझे आजोबा आम्हाला लांब उभे करायचे, माहितेय? बोलणारा एकच असतो."

"अगं पण मशीन मला वापरायचंय."

"म्हणूनच तू गप्प राहायचं."

तिनं मासिक मिटून पिशवीत ठेवलं. एरंडोल येईपर्यंत मला छान झोप लागली.

चाचांनी दोन लॅपटॉप पुढ्यात ठेवले. एक काळा, जाडजूड, विटेएवढा जड. पडदा लहान, कोपऱ्यावर टवका उडालेला. त्याच्याबरोबर एक वेगळा डबा, समोर लाल दिवे असलेला. तो त्याचा मोडेम. दुसरा राखाडी, पातळ, पडदा मोठा, दोन वर्षांनी नवा. त्याचा मोडेम त्याच्या पोटातच बसवलेला होता. विंडोज सुरूच होतं, रंगीत चित्रं दिसत होती. भावात फारसा फरक नव्हता.

मी राखाडी मशीन तपासायला घेतलं. झाकण पंधरा वेळा उघडलं आणि मिटलं. बिजागरी हलवून पाहिली. प्रत्येक बटण दाबून त्याचं अक्षर पडद्यावर उमटतं का ते पाहिलं. चार्जरची वायर टोकापासून टोकापर्यंत चाचपली.

"बाई," चाचा म्हणाले, "मशीन घेताय का सोयरीक करताय?"

"सोयरिकीत तरी लोक खरं बोलतात. बॅटरी किती वेळ चालते?"

"दीड तास."

"म्हणजे पाऊण."

चाचा हसले. भाचीनं काळ्या मशीनवर हात ठेवला होता. तिनं माझा पदर ओढला. मी तिच्याकडे पाहिलं नाही. थोड्या वेळानं तिनं पुन्हा ओढला, जरा जोरात. मी कोपरानं तिचा हात बाजूला केला.

ते चाचांच्या नजरेतून सुटलं नाही. "अहो, बेटीला विचारा ना. चालवणार कोण, ती ना? काय करायचंय बेटा तुला याच्यावर?"

चाचांनी तिला अगदी सरळ मनानं विचारलं होतं. पण मला वाटलं, म्हातारा गरज हुडकतोय. "काही नाही, टायपिंग करायचंय," मी म्हटलं. "भावाचं बोला."

भाचीनं मान खाली घातली. पिशवीतली सीडी पिशवीतच राहिली. तासाभराच्या घासाघिशीनंतर राखाडी मशीन काळ्याच्या भावात मिळालं, वर पिशवीही मिळाली. वेगळे डबे आणि वायरी सांभाळायची कटकट नाही, सगळं एकात. परतीच्या गाडीत मी भलतीच खूश होते. ती सगळा रस्ता पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. दमली असेल, असं मी धरून चालले.

गल्लीत शिरताच शेजारच्या नानींनी पिशवीकडे बोट दाखवून विचारलं, "काय लई उनी व माय? टीव्ही शे का?"

"टीव्हीपेक्षा भारी, नानी," मीच उत्तर दिलं.

लिनक्स बसलं. दोन दिवस लागले, पण बसलं. रंगीत चित्रं गेली, काळा पडदा आला, त्यावर पांढरी अक्षरं. भाची त्या अक्षरांशी असं बोलायची की मला आत जाऊन पाहावंसं वाटे. कॉलेजचं इंटरनेटचं खातं महिनाभर वापरायची परवानगी मी प्राचार्यांकडून आणली. घरच्या फोनची वायर मशीनला लावली. आणि काहीच झालं नाही. फोन लागण्याआधी मोडेम जी शिट्टी मारतो ती वाजलीच नाही. लिनक्सच्या लेखी त्या मशीनला मोडेमच नव्हता.

"असं कसं? मी स्वतः पाहिला. भोक आहे ना वायरीचं."

"मावशी, हा मोडेम अर्धाच असतो. उरलेलं काम विंडोज करतं. विंडोज नसेल तर तो मुका. मासिकात छापलंय. बाहेरचा डब्यातला असतो तो कशावरही चालतो."

"म्हणजे तो काळ्या मशीनचा."

"हो."

"तुला दुकानात माहीत होतं?"

"वाटत होतं. सीडी लावली असती तर तिथंच कळलं असतं."

"मग बोलली का नाहीस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिनं उलट उत्तर दिलं असतं तर मी भांडले असते आणि बहुतेक त्याच दिवशी जळगावला गेले असते. ती काहीच बोलली नाही आणि मी ते सोयीचं मानलं. म्हटलं, "प्रयत्न कर. लगेच हात टेकायचे नसतात. चांगलं मशीन आहे."

ही गोष्ट गुरुवारची. काळं मशीन तेव्हा चाचांच्या दुकानातच होतं, हे मला पुढे त्यांच्याकडूनच कळलं. बदलून द्या म्हणून फोन करायला एक मिनिट लागलं असतं. पण फोन करायचा म्हणजे माल परत करायचा आणि तोही जिथे मी बॅटरीच्या वेळेवरून म्हाताऱ्याला खोटं पाडलं होतं तिथे. मी चार दिवस घालवले. त्या चार दिवसांत भाचीनं जे जे म्हणून करता येतं ते केलं. कॉलेजातल्या सरांना विचारलं, मासिकातला पत्ता शोधून पत्र टाकलं, सीडीवरची इंग्रजी माहिती वहीत उतरवून काढली. तिचे डोळे लाल व्हायचे. मी तिला दुधात हळद घालून द्यायचे.

एकदा मी तिला सुचवलंही. "कॉलेजच्या कॉम्प्युटरवरून पाठव की. त्याला कुठं कळणार आहे?"

"त्या ओळी लागतात ना, मशीनच्या."

"मग लिही मनानं. तुला येतात की."

"सुरक्षा शिकायला खोटं लिहून जाऊ?" ती म्हणाली आणि हसली. त्या महिन्यात ती हसलेली मला तेवढीच आठवते.

सोमवारी मी फोन केला. काळं मशीन शनिवारी चाळीसगावच्या एका माणसाने नेलं होतं, डब्यासकट. चाचा जराही चिडले नाहीत. "बेटीला विचारा म्हटलं होतं बाई," एवढंच म्हणाले, आणि मुंबईहून सुटा मोडेम मागवून देतो म्हणाले. आठ दिवसांत येईल. मी दिवस मोजले. एकतीस तारखेला येईल, अगदी काठावर.

एकतीस तारखेला पार्सल आलं नाही. त्या संध्याकाळी भाची फोनशेजारी बसून होती, उगाच. मोडेम आला दोन जूनला. तिनं वायर जोडली, काहीतरी लिहिलं, आणि दहा मिनिटांत शिट्टी वाजली. पहिल्याच खेपेला. मी स्वयंपाकघरातून ती ऐकली. दहा मिनिटांत. ईमेल गेली, ओळींसकट.

उत्तर दुसऱ्या दिवशी, गुरुवारी दुपारी आलं. काम नीटनेटकं आहे, असं त्या गृहस्थांनी लिहिलं होतं. पण बारा जागा एकतीस तारखेलाच भरल्या होत्या आणि पुढची तुकडी काढणार की नाही हे त्यांचं ठरलेलं नव्हतं. भाचीनं ते दोनदा वाचलं, मशीन बंद केलं आणि पिशवीत घालून चेन लावली.

संध्याकाळी तिच्या वडिलांचा फोन आला. मी तिथेच भाजी निवडत बसले होते. ती म्हणाली, "नाही झालं, पप्पा. परीक्षा अवघड होती. मला नाही जमलं." मग नुसतं हो, हो. मग, "मशीन छान आहे. मावशीनं चांगलं घेऊन दिलं."

माझ्या हातात मेथीची जुडी होती. मी मान वर केली नाही. उठून फोन हातात घ्यावा असं मनात आलं, आणि मी निवडत राहिले. तिनं फोन ठेवला आणि जेवायला काय आहे, असं विचारलं. माझ्याकडून काही ऐकायला मिळेल अशी तिला अपेक्षाच नव्हती, हे मला त्या प्रश्नावरून कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ती अंघोळीला गेली असताना, मी बोदवडला फोन लावला. बहिणीनं उचलला.

"परीक्षा तिला जमली होती," मी म्हटलं. "मशीन मी चुकीचं घेतलं. तिला कळत होतं, मी तिला बोलू दिलं नाही."

"जाऊ दे ना अक्का. ह्यांचं तसंही मन नव्हतं पुण्याला पाठवायचं. आणि ह्यांना नको सांगू आता. दुकानात येईल त्याला सांगतात, मेहुणीनं लॅपटॉप कसा घासून घेतला ते."

"दे त्यांना फोन."

तिनं कुरकुर केली, पण दिला. मी सगळं पुन्हा सांगितलं, पदर ओढल्याचंही.  शेवटी मेहुण्यांनी विचारलं, "म्हणजे पोरीला येत होतं?"

"येत होतं. मोडेम आल्यावर दहा मिनिटांत केलं तिनं."

 मग ते म्हणाले, "फॉर्म भरून गेलाय अक्का. सोमवारी जळगावला कागदपत्रं द्यायची आहेत. रविवारी तिला गाडीत बसवून द्या."

मी एक वर्ष थांबा म्हटलं. तिला इथेच राहू द्या, मी बघते म्हटलं. त्यांनी नम्रपणे ऐकून घेतलं, माझी तब्येत विचारली आणि फोन ठेवला.

भाची केस पुसत बाहेर आली आणि कुणाचा फोन होता, असं तिनं विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "बरं," आणि तिची ट्रंक माळ्यावरून काढायला स्टूल घेऊन आली. मी स्टूल धरून उभी राहिले. मग दोघींचे चहा केले, माझा डबा भरला आणि साडेदहाला कॉलेजात गेले.