पास झालेली माती

माती तपासायला सरकारने निधी मंजूर केला, तेव्हा साहेबांनी आम्हा सगळ्यांना समोसे खाऊ घातले. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. नवऱ्याच्या बदलीपायी मी नागपूर सोडून लखनऊला आले होते आणि एका सरकारी प्रयोगशाळेत माती तपासत होते. लखनऊबाहेर, बख्शी का तालाबच्या पुढे एका गावात जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढायचा कारखाना होता. तो बंद पडला, मालक पसार झाला, राख मात्र गावाच्या गळ्यात टाकून गेला. कारखान्याच्या भिंतीला लागून एका म्हाताऱ्याचं शेत होतं. त्याच्या दोन म्हशी तडफडून मेल्या होत्या. या शेतातलं आमच्या घरच्यांनी खावं की नाही, एवढंच त्याने अर्जात विचारलं होतं.

मंजुरीत रसायनं होती, काचसामान होतं, एक लोखंडी कपाट होतं, प्रकल्पाच्या नावाची पाटीसुद्धा होती. फक्त जीपच्या डिझेलवर वरून काट मारलेली होती. मग गावात न जाताच गावची माती तपासायची, असा मार्ग साहेबांनी शोधून काढला. कापडी पिशव्या आणि एक पत्र गावच्या प्रधानाकडे, म्हणजे सरपंचाकडे, रवाना झालं: शेतातल्या मातीचे नमुने भरून पाठवा. खरं तर त्या गावची बस आमच्या फाटकावरूनच जायची. पदराला खार लावून मी कधीही जाऊ शकले असते, पण जायचा हुकूम नव्हता.

दोन आठवड्यांनी पिशव्या आल्या. माती कशी, अगदी पाहत राहावी अशी. चाळलेली, खडा नाही, काडी नाही, बोटांना मऊ. शिसं जवळजवळ नाहीच. कारखान्याच्या भिंतीलगतची माती इतकी देखणी कशी, हे मला खटकलं. पण मार्च सरत आला होता आणि अहवालासाठी वरून फोनवर फोन येत होते. चिंतेचं कारण नाही, असं लिहून मी खाली सही ठोकली.

एप्रिलात म्हातारा स्वतःच आला. अहवालाची नक्कल त्याला प्रधानाने दिली होती. ती त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणली होती.

"हमारी मिट्टी पास हो गई न, बिटिया?"

"बाबा, मिट्टी ली कहाँ से थी?" मी विचारलं.

"समधी के बाग़ से," तो सहज म्हणाला. "दीवार के पास वाली तो काली पड़ गई है, बदबू मारती है। वह कैसे भेज देते? मंडी में गेहूँ का नमूना दिखाते हैं तो अच्छा वाला ही दिखाते हैं। और यह तो सरकार में जानी थी। बहुओं ने दो दिन बैठकर चाली।"

माती व्याह्याच्या बागेतली निघाली, हे सांगायला मी तडक साहेबांच्या खोलीत गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, पैसा जाँच के लिए आया था, जाँच हो गई," ते म्हणाले. "दोबारा करनी है तो दोबारा प्रपोज़ल भेजिए।"

"और बाबा को क्या कहूँ?"

"चाय पिलाइए।"

मला संताप आला. साहेबांचा आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. वाटलं, म्हाताऱ्याच्या हातातला कागद काढून घेऊन फाडून टाकावा आणि म्हणावं, बाबा, त्या शेतातलं काही खाऊ नका. एवढं एक वाक्य होतं. बाहेर बाकावर तो समाधानाने बसला होता. मी म्हणाले, "बैठिए बाबा, चाय आ रही है," आणि खरोखरच चहा मागवला.

निघताना त्याने खांद्यावरचं गाठोडं सोडलं. आत पालक होता, हिरवागार, मुळांना ओली माती लागलेली.

"उसी खेत का है। अब तो सरकार ने भी कह दिया। बच्चों को खिलाना।"

मी दोन्ही हातांनी घेतला आणि आभारही मानले.

घरी मुलीने पालक पाहिला. "मम्मी, आज इसकी सब्जी बनेगी?"

"नाही गं, किडका निघाला," मी म्हणाले. घरामागे खड्डा खणून मी तो सगळा पुरला आणि साबणाने दोनदा हात धुतले. त्याच वेळी म्हाताऱ्याच्या घरी तोच पालक चुलीवर चढला असणार, माझ्या सहीच्या भरवशावर.