गडूतलं पाणी

जस्ताच्या पुडीची चव कशी असते असं कुणी विचारलं तर मी सांगते, गंजका पत्रा चाटून पाहा. रोज तीन वेळा, उपाशीपोटी. सकाळी उठल्या उठल्या, दुपारी जेवणाच्या तासभर आधी, आणि दिवेलागणीला. पोटात गेली की अशी ढवळाढवळ व्हायची की पहिले पंधरा दिवस मी मोरीपासून उठलेच नाही. आता पुडीच्या जागी गोळी आली आहे, आणि ती मी अजून घेते. मरेपर्यंत घ्यायची आहे. कुणी मला ‘जुनी मानसं बिना औषधाची जगली’ असं ऐकवायला लागलं की माझं डोकं फिरतं.

ही गोष्ट महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली होती तेव्हाची. आमचं गाव उंद्री, चिखली तालुक्यातलं. घरी शेती, बाबा, माय आणि आम्ही दोघी बहिणी. ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. माझा आजार सुरू झाला तेव्हा ताईला जाऊन वर्ष झालं होतं.

ताईला कावीळ झाली होती. कावीळ म्हटली की गावात ज्याच्या त्याच्याकडे उपाय. कुणी गळ्यात मुळ्यांची माळ घातली, कुणी दर्ग्यावर न्यायला सांगितलं, तर तिथंही नेऊन आणलं. आणि सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं, की तांब्याचं पाणी पाजा. आमच्याकडे पाण्याचा मोठा तांब्याचा गुंड होता, मायला लग्नात आलेला. त्यात रात्रभर ठेवलेलं पाणी सकाळी अनशापोटी प्यायलं की पोटातली सगळी घाण निघून जाते, हे आमच्याकडे शाळेतल्या मास्तरांपासून सगळ्यांना ठाऊक होतं. मायनं चार महिने ताईला रोज ते पाजलं. ताईचं पोट फुगलं, पाय सुजले, शेवटी शेवटी हात थरथरायला लागला. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की आता घरच्यांना बोलवून घ्या.

माय तेव्हा घरी आली होती, गडू न्यायला. आमच्या देवघरात गंगाजळाचा गडू होता, तांब्याचा, मुठीएवढ्या पोटाचा, तोंड झाळून बंद केलेला. आजोबांनी काशीहून आणलेला. असा गडू पुष्कळ घरांत असतो आणि तो एकदाच फोडतात, कुणाच्या तरी शेवटच्या वेळी. माय तो पदरात बांधून निघाली, तर यष्टी चुकली. दुसरी दीड तासानं होती. ती पोचली तेव्हा ताईवर चादर ओढलेली होती. गडू जसा नेला तसा बंद परत आला आणि देवघरात जाऊन बसला. माय त्या यष्टीबद्दल कधी बोलायची नाही.

आणि मग माझा हात. मी मॅट्रिकला बसणार होते. अक्षर बारीक होत होत किड्यामुंगीएवढं झालं, मग वाकडं, मग वाचताच येईना. वरण वाढताना पळी हलायची. मी खोटं बोलायची, हात अवघडला म्हणायची. एक दिवस जेवताना माझ्या हातातला घास तोंडाशी येऊन गालाला लागला आणि मायनं ते पाहिलं. तिनं माझा हात तिच्या हातात धरला आणि तो तिच्या हातातही हलत राहिला.

बाबा शेतातून आले तसं ती त्यांना म्हणाली, ‘हिले मंबईले न्या.’

खामगावपर्यंत यष्टी, जलंबला मुंबईची गाडी. मुंबईतल्या मोठ्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरांनी बॅटरीनं माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि आणखी तिघांना पाहायला बोलावलं. बुबुळाच्या कडेनं तपकिरी-हिरवट कडं होतं. बाबा म्हणाले, मले वाटलं पोरीचे डोयेच तसे हायेत. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असा त्रास? बाबांनी ताईचं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

त्यांनी समजावलं ते मला अजून पाठ आहे. तांबं सगळ्यांच्याच अन्नात असतं. अंगाला लागतं तेवढं घेऊन बाकीचं शरीर बाहेर टाकतं. हिच्या शरीराला ते टाकता येत नाही, म्हणून ते आत साठतं, आधी लिव्हरमध्ये, मग मेंदूत, डोळ्यांत. हे जन्मापासून आहे, आईकडून थोडं आणि बापाकडून थोडं, दोन्हीकडून आलं तरच होतं. तुम्ही नवराबायको नात्यातले आहात का? बाबा म्हणाले, मामाचीच पोरगी केली. आणि खाली फरशीकडे पाहत बसले.

एक परदेशी औषध होतं. मोठ्या मुश्किलीनं ते मिळालं आणि आठ दिवसांत माझ्या अंगभर पुरळ आलं, ताप चढला, ते बंद करावं लागलं. मग डॉक्टर जस्तावर आले. म्हणाले, जस्त पोटात असलं की तांब्याला आत शिरू देत नाही. बाहेरच्या देशात एक-दोन डॉक्टर देतात. आपणही देऊन पाहू. फार सावकाश काम करतं, सहा महिने, वर्षही लागेल. तोवर तांब्याच्या भांड्यातलं पाणी नाही, तांब्याच्या भांड्यात रांधलेलं नाही, शेंगदाणे नाहीत, तीळ नाहीत. मला सगळ्यात जास्त लागलं ते ‘पाहू’.

आम्ही घरी आलो त्याच दिवशी मायनं गुंड, घंगाळ, तांबे, पळ्या, सगळं पोत्यात भरून माळ्यावर टाकलं. पिण्याच्या पाण्याला मातीचा माठ आला. मी कुणाच्या घरी गेले तर माय माझ्या पुढे जाऊन विचारायची, पाणी कायच्यात ठेवता व तुम्ही? बायका मनातून चिडायच्या. मीही चिडायची, पण मला ते आवडायचंही. कुणीतरी माझ्यासाठी सगळ्या गावाशी वाकडं घेत होतं.

पुडी मायच कालवायची. आतल्या खोलीतून काचेच्या ग्लासात घेऊन यायची, मी नाक दाबून प्यायची, ती ग्लास रिकामा होईपर्यंत समोर उभी राहायची. एकही वेळ चुकली नाही. दुष्काळात रेशनची लाल मिलो ज्वारी आमच्या घरात आली, कापूस वेचायला माणूस मिळेना, बाबांना हिवतापानं धरलं, पण पुडी चुकली नाही.

आणि तरी मी खाली खालीच चालले होते. चार महिने झाले, सहा झाले, आठ झाले. पोलक्याची बटणं मायला लावावी लागत. लाळ गळायची. जीभ जड झाली, मी बोलले की माणसं दोनदा विचारायची, मग विचारणंच सोडून द्यायची. मॅट्रिक गेलं ते गेलंच. मला रोज वाटायचं, पुढच्या महिन्यात पोट फुगेल. मी आंघोळीला बसले की पोटावर वीत ठेवून मोजायची. लोक म्हणायचे पोरीनं जीव देऊ नये म्हणून विहिरीकडे जाऊ देऊ नका. मला मरायचं नव्हतं. मला ताईसारखं मरायची भीती वाटत होती, आणि ती भीती सकाळपासून झोपेपर्यंत छातीवर बसलेली असायची. मी मायवर ओरडायची, बाबांवर ओरडायची, भाकरी फेकायची. माझा स्वभाव आजाराआधीही काही गोड नव्हता, पण तेव्हा मी अगदीच वाईट वागले.

एका दुपारी पुडीच्या आधीच मला मळमळलं म्हणून मी मायला हाक मारायला आत गेले. ती देवघरासमोर उकिडवी बसली होती, माझ्याकडे पाठ. काचेचा ग्लास खाली, त्यात पुडी टाकलेली. आणि ती गडू वाकडा करून त्यात पाणी ओतत होती. गडूच्या तोंडावरची झाळ काढलेली होती.

‘काय करून राह्यली तू?’

ती दचकली नाही. म्हणाली, ‘औषध कालवून राह्यली. काऊन?’

‘ते तांब्याचं भांडं हाये, माय.’

‘ते भांडं थोडंच हाये. ते तं देवाचं हाये.’

तिला खरंच तसं वाटत होतं. घरातलं तांब्याचं एकूण एक भांडं तिनं माळ्यावर टाकलं होतं आणि गडू तिच्या मोजणीतच आला नव्हता. मी विचारलं, कधीपासून? तर पहिल्या पुडीपासून. तीन वेळा, रोज, आठ महिने. गडूत मावतं किती, दोन पेले. संपलं नाही का? ‘संपू कशी देईन,’ ती म्हणाली, ‘जेवढं काढते तेवढं माठातलं भरते. गंगा कमी थोडीच होते.’ माठातलं पाणी गडूत जायचं, रात्रभर तांब्यात राहायचं, आणि सकाळी जस्त घेऊन माझ्या पोटात यायचं.

‘आन् फोडला कशाला?’

तेव्हा ती यष्टीबद्दल पहिल्यांदा बोलली. ‘तिच्या तोंडात पडलं नाई ना व. म्या घेऊन गेली, पन उशीर झाला. म्हनून तुले आंधीच देल्लं. रोज देल्लं. कधी काय होईन, कोन सांगते.’

माणसानं तिथं गप्प बसावं. मी बसले नाही. आठ महिन्यांची भीती माझ्या तोंडाशी आली आणि मी म्हणाले, ताईले गुंडातलं पाजून मारलं, आता मले गडूतलं पाजून मारून राह्यली तू.

पण माझी जीभ जड होती. मायला नीट समजलं नाही. ती माझ्या तोंडाजवळ कान आणून म्हणाली, ‘काय म्हनली बाई? सावकाश बोल.’

आणि मी सावकाश बोलले. एकेक शब्द सुटा करून, तिला पूर्ण कळेल असं. मला थांबता आलं असतं. पहिल्यांदा रागात निघालं असं म्हणता येतं, दुसऱ्यांदाचं काय सांगू.

माय म्हणाली, ‘हाव.’ एवढंच. उठली, ग्लास मोरीत ओतला, नवी पुडी काढली आणि माठातल्या पाण्यात कालवून आणली. नेहमीसारखी समोर उभी राहिली. मी प्यायले.

पुढच्या खेपेला ती स्वतः मुंबईला आली आणि डॉक्टरांना सांगितलं, चूक माही हाये, पोरीची नाई. डॉक्टर तिच्यावर रागावले नाहीत. म्हणाले, त्या पाण्यानं किती बिघडलं ते मला सांगता येणार नाही. जस्त सावकाशच चालतं, कदाचित एवढा वेळ लागलाच असता. मोठ्या मुलीचंही तसंच आहे, पाणी दिलं नसतं तरी आजार होताच. माय मान हलवत होती. पण तिनं ते घेतलं नाही, हे मला तेव्हाही दिसलं. तिनं माझं बोलणं घेतलं होतं. गाडीत मला तिला सांगायचं होतं की डॉक्टर काय म्हणाले ते ऐक. जीभ जड आहे हे कारण मी पुढं केलं आणि गप्प राहिले.

त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी मी एक दिवस स्वतःची वेणी स्वतः घातली. वाकडी, पण घातली. हळूहळू लाळ थांबली. अक्षर आलं, पण पहिल्यासारखं कधीच नाही. बोलणं अजून जड आहे, नवीन माणसाला मी दारू पिऊन आले आहे की काय असं वाटतं. लग्न झालं नाही, कोण करणार होतं. मी आणि माय राहिलो, बाबा गेल्यावर दोघीच. एवढ्या वर्षांत त्या दुपारचा विषय तिनं काढला नाही आणि मी काढला नाही. माफी मागायला रोज तीन वेळा संधी होती, ती ग्लास घेऊन समोर उभीच असायची. गडू तिनं कुठं नेला तेही मी विचारलं नाही.

माय अंथरुणाला खिळली तेव्हा ती ऐंशीच्या पुढे होती. शेवटच्या दिवशी सकाळी तिचा घसा वाजायला लागला. शेजारची काकू धावत जाऊन तिच्या घरचा गडू घेऊन आली, तोंड फोडून माझ्या हातात दिला. चाळीसेक वर्षांत मी तांब्याला हात लावला नव्हता. मी वाकून म्हणाले, माय, गंगा हाये, तोंड उघड.

तिनं डोळे उघडले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. तिनं ओठ घट्ट मिटले आणि मान फिरवली.

‘ते खाली ठेव आंधी,’ ती म्हणाली. ‘तुले चालत नाई ते.’

मी म्हणाले, माय, नुसतं हातात धरल्यानं काही होत नाही. तू घे. तिनं ओठ उघडले नाहीत. काकूनं गडू माझ्या हातून घेऊन स्वतः पाजून पाहिलं, तरी नाही. मी जवळच होते ना. शेवटी काकूला गडू घेऊन बाहेर जायला सांगितलं. मी हात धुतले, माठातलं पाणी माझ्या औषधाच्या ग्लासात घेतलं आणि चमच्यानं तिच्या तोंडाला लावलं. तेव्हा ती दोन चमचे प्यायली.