कोटाच्या अस्तरातली वजनं

त्या भाजीवाल्याला अख्खा बाजार चेष्टेने ‘काटेकोरराव’ म्हणायचा. चार मिरच्या वर टाकील, पण गिऱ्हाइकाला काटा मारणार नाही. अशा माणसाने काटा मारला, आणि तोही कुठे, तर दवाखान्यात, पोटच्या पोरीच्या वजनात!

पोरीला, छबीला, फिट यायची. औषध पातळ, वजनावर द्यायचं: किलोमागे अर्धा मिली. दर महिन्याला नर्सबाई तिला काट्यावर उभं करायच्या, आकडा निम्मा करायच्या आणि बिनसुईच्या सिरिंजवर पेनाने रेघ ओढून द्यायच्या. पोरगी मात्र वाळत चाललेली. “खायला घालता की नाही हो हिला? आता ॲडमिटच करावं लागेल,” बाई एकदा सगळ्यांदेखत बोलल्या. काटेकोररावाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या खेपेआधी त्याच्या बायकोने छबीच्या जाड कोटाच्या अस्तरात अर्ध्या किलोची चार वजनं शिवून टाकली. काटा चौदावर थांबला, रेघ सातवर गेली. बाई खूश.

आणि फिट थांबली की हो! नवरा-बायको हरखून गेली. पण छबी दिवसभर पेंगायची, घास तोंडात तसाच राहायचा. पुढच्या महिन्यात ती काट्यावरच कोलमडली. बाईंनी घाईने कोट काढला, तो हातातून निसटून धाडकन खाली आपटला.

बाई ओरडल्या नाहीत, तेच वाईट. “अहो, मी औषध पोरीला मोजत होते की तुमच्या लोखंडाला? श्वास थांबला असता तिचा.” पुन्हा वजन केलं. बारा. रेघ सहावर आली.

“पण बाई, सातला फिट येत नव्हती.”

“या अंगाला सात झेपत नाही, दादा. डॉक्टरही हेच सांगतील. आधी वजन वाढू दे.”

“झोपेत ती खात नाही, जागेपणी फिट येते. मग वाढायचं कधी?”

बाईंनी सहावरची रेघ पेनाने तेवढी पुन्हा गडद केली.

दोन दिवसांनी छबी चांगली जागी होती, चक्क हसत होती. “बाबा, मला भूक...” म्हणता म्हणता तिचे डोळे फिरले. बायकोने फळीवरची बाटली त्याच्या हातात कोंबली. “फिट थांबल्यावर तरी द्या ना हो थोडं जास्त! भरलेली आहे मेली!”

त्याने छबीला कुशीवर वळवलं, बाटलीचं झाकण आणखी घट्ट केलं आणि तिचं अंग थांबायची वाट बघत बसला.