रात्रपाळीची गोळी

आमच्या दोघांच्याही छातीत स्प्रिंग. चाकणच्या एकाच कंपनीत, एकाच लाइनवर कामाला, आणि अँजिओप्लास्टीही काही महिन्यांच्या अंतराने झालेली. माझा तो मित्र निघोज्याचा, शेतकऱ्याच्या घरातला. मी लातूरहून येऊन कुरुळीत भाड्याने राहणारा. कॅन्टीनमध्ये पोरं चिडवायची, "राव, तुम्हा दोघांना सस्पेन्शन बसवलंय." आम्हीही हसायचो.

डॉक्टरांनी दोघांना एकच सांगितलं होतं. नळी उघडलीय, पण पुन्हा चरबी साचून आवळू नये म्हणून स्टॅटिनची गोळी रोज रात्री झोपताना घ्यायची, न चुकता.

त्याला दुसरा झटका आला आणि तो गेला. दिवसकार्य झाल्यावर मी त्याच्या घरी गेलो. वहिनींनी चहा पुढे ठेवला आणि विचारलं, "भाऊ, रात्रपाळी असली की तुमी ती गोळी कवा घेता वो?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्याच बोलल्या. "हे म्हणायचे, झोपताना घ्यायची गोळी हाय, आन् मी रात्री झोपतोय कुठं? त्या हप्त्यात मी द्यायचेच न्हाई. माजं चुकलं का वो?"

मी पाळी संपवून सकाळी घरी येतो, खिडकीवर चादर टाकतो, गोळी घेतो आणि झोपतो. गडी एवढा हुशार, आणि झोप म्हणजे रात्रीचीच असं धरून बसला! मेलेल्या माणसाचा राग आला मला. झटका त्यामुळेच आला, असं डॉक्टरही छातीठोकपणे सांगणार नाहीत. पण वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"मीपण नाही घेत, वहिनी," मी बोलून गेलो. "त्या आठवड्यात कुणीच घेत नाही."

त्यांचा जीव भांड्यात पडला. पण लगेच चेहरा उतरला. "अगं बाई! मग तुमाला काय झालं म्हंजी?"

तेव्हापासून माझी रात्रपाळी लागली की सकाळी त्यांचा फोन येतो.

"घेतली का, भाऊ?"

"घेतली, वहिनी."

पलीकडे नुसता श्वास ऐकू येतो. गेलेला मित्र त्यांच्या मागे उभा राहून ऐकतोय असं वाटतं, आणि मला डोळे मिटायची भीती वाटते.

"झोपा आता," त्या म्हणतात. "दिवसाची झोपबी झोपच असती. मला तवाच कळाया पायजे हुतं."