गडग्यापलीकडे गेलेलं भजन
पावसाळ्यात हेडफोनच्या मखमली गाद्यांना ओलसर वास आला, की मला ती दुपार आठवते. घरात चांगले स्पीकर होतेच, पण आई झोपलेली असताना ऐकायला म्हणून मी भारीतले हेडफोन घ्यायचे ठरवले होते. बंद पाठीचे लावले की कानात कापूस कोंबल्यासारखं वाटे, म्हणून मागे जाळी असलेले, उघड्या पाठीचे निवडले. आवाज बाहेर जातो, असं दुकानदाराने बजावलं होतं. आमच्याकडे ऐकायला कोण बसलंय, असं मला वाटलं. थोड्याच दिवसांत शेजारचे काका गेले. बारावं होईपर्यंत आमच्या वाडीत कोणी रेडिओही लावत नाही. लावला तर ते घर लोकांच्या मनातून उतरतं. मला राहवेना, म्हणून ओटीवर हेडफोन लावून भजन ऐकत बसलो. डोळे उघडले तर दोन घरांमधल्या चिऱ्याच्या गडग्यापाशी काकी उभ्या. मी घाईने हेडफोन काढले, तर त्या सामसुमीत टाळ आणखीच स्पष्ट ऐकू येऊ लागले. आत आईचं नारळ खवणणं थांबलं. "काय लावलंस रे?" काकींनी विचारलं. मी भजन बंद करायला गेलो. "ह्या भजन त्येंका आवडायचा," त्या म्हणाल्या, "पण असा बारीक नको. आमच्या पडवीत ऐकाक येता तसा लाव." आई दारात आली होती. पदराला हात पुसत आत गेली आणि तिनेच स्पीकर चालू केले. हेडफोन अजून उत्तम वाजतात, पण ते भजन मी स्पीकरवरच लावतो, गडग्याकडची खिडकी उघडून.