अर्धा येळकोट

खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझं देवाशी बोलणं बंद होतं. आम्ही उंब्रजचे, पालीचा खंडोबा आमचं कुलदैवत. पण कोरोनाची साथ आली, देवळाला कुलूप लागलं, आणि मीही रागाने हात जोडायचं सोडून दिलं. सांगलीच्या एका दवाखान्यात मी नर्स. लेक उंब्रजला सासूबाईंजवळ, मी इथे एकटी. अंगावर किट चढवलं की छातीत धडधडायचं. त्या सकाळी तर सलाईनची सुई धरलेला हातच थरथरू लागला. असा हात पेशंटच्या काय कामाचा? ड्युटी संपली की राजीनामा द्यायचा, हे मी मनाशी पक्कं केलं.

समोरच्या खाटेवर आटपाडीकडच्या एक धनगर आजी होत्या. ऑक्सिजनवर, पण जीभ शाबूत. म्हणाल्या, "आगं, सुई मला टोचायचीया आन् थरथरतीयास तू?" मला हसावं की रडावं कळेना. मग त्यांनीच डोळे मिटले, "येळकोट येळकोट" म्हणाल्या आणि धाप लागली. पुढचं येईना. बोलू नका म्हटलं, तर माझ्यावरच डाफरल्या, "देवाचं नाव आर्दं ठिवत्यात व्हय? म्हण की तू फुडचं!"

"जय मल्हार," मी पुटपुटले.

"जेवली न्हाईस व्हय? मोट्यानं!"

मग मात्र मी होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडले. शेजारच्या खाटेवरून साथ आली, मग पलीकडूनही. माझं रडू फुटलं, गॉगलवर वाफ धरली. ती निवळली तेव्हा पाहते तर हात स्थिर! सुई पहिल्याच खेपेला शिरेत गेली.

राजीनामा राहूनच गेला. रोज सकाळी आजी अर्धा येळकोट म्हणायच्या, उरलेला माझ्याकडे. एक दिवस मी पुढचं म्हणायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी स्वतःच एका दमात "जय मल्हार" म्हणून टाकलं. "आता तुजी गरज न्हाई गं," म्हणत लबाड हसल्या. अख्खा वॉर्ड हसला. मी आनंदाने नाचायचीच काय ती बाकी होते.

देऊळ उघडल्यावर लेकीला घेऊन पालीला गेले. माझा देवावरचा राग केव्हाच गेला होता. आपला श्वास पुरेल तेवढं आपण म्हणावं, राहिलेलं तो कुणाच्या तरी तोंडून पुरं करून घेतो, एवढं मला त्या वॉर्डात कळलं. भंडारा उधळून मी "येळकोट येळकोट" म्हटलं आणि मुद्दाम थांबले.

कडेवरची लेक माझ्या कानातच ओरडली, "जय मल्हार!"