अकोल्याच्या पानावरची रिकामी चौकट

वसंतरावांचा फोन आला तेव्हा मी कपाट आवरत होते, आणि कपाट आवरताना आलेला फोन मला कोणाचाही आवडत नाही. ते म्हणाले, "मेधाताई, नलूच्या त्या कौंडण्यपूरच्या पानावरची रिकामी चौकट काढून द्या. मले कम्प्युटरमधलं काही समजत नाही. तुमी याल का?" मी कॅलेंडर बघते म्हणाले, आणि कॅलेंडर न बघताच रात्री तिकीट काढलं.

हा ब्लॉग नेहमी वाचणाऱ्यांना आमचा ग्रुप माहीत आहे. नव्यांसाठी थोडक्यात सांगते. आम्ही बायका (आणि दोन पुरुष, ते फार बोलत नाहीत) डिजिटल स्क्रॅपबुक करतो. सहलीचे, सणांचे, बारशांचे फोटो कम्प्युटरवर एका चौकोनी पानावर मांडायचे, मागे छानसा कागद, कडेला पानं-फुलं, खाली दोन ओळी. मग ते पान ग्रुपवर टाकायचं आणि बाकीच्यांनी कौतुक करायचं. मी मात्र समास चुकला असेल तर तेही सांगते, त्यामुळे माझी ख्याती बरी नाही. आमच्याकडे एक पद्धत आहे: दर पानावर एक चौकट रिकामी सोडायची. पुढच्या वेळी काढायच्या फोटोसाठी. कल्पना माझीच.

नलिनीताई, म्हणजे वसंतरावांच्या पत्नी नलू, अकोल्याच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांची पानं ग्रुपमध्ये सर्वांत नेटकी असायची. तीन वर्षांपूर्वी त्या नवऱ्याबरोबर कौंडण्यपूरच्या कार्तिकातल्या यात्रेला गेल्या. मुलगा अमोल हैदराबादला नोकरीला. त्याला रजा मिळाली नाही. म्हणून त्यांनी पानावर उजवीकडे खाली एक चौकट ठेवली आणि आत लिहिलं, ‘इथे अमोल. पुढल्या कार्तिकात.’

पुढचा कार्तिक यायच्या आत अमोल गेला. झोपेतच, वय अडतीस. नलिनीताईंचं विसरणं त्याआधीच सुरू झालं होतं, त्यानंतर ते भराभर वाढलं. ग्रुपवर त्यांची पानं यायची थांबली. आम्ही चौकशी केली, हात जोडलेली चित्रं टाकली, आणि पुढच्या महिन्याच्या विषयाला लागलो.

जाणाऱ्यांसाठी माहिती: नाशिक रोडहून रात्रीची गाडी धरली तर सकाळी बडनेऱ्याला उतरता येतं. अमरावती शहर तिथून जवळ आहे. शेअर ऑटो मिळतो. डिसेंबर असूनही आभाळ भरलेलं होतं, हवेत ओल होती आणि स्टेशनबाहेरच्या फलकावर तीन वेगवेगळ्या वळणांची अक्षरं होती, ज्याने माझी सकाळ आणखी बिघडली. तर्रीपोह्यांनी ती थोडी सावरली. तर्री मागून घ्यायची आणि वरून कच्चा कांदा. सायंकाळी गिलावडा खाल्ला. दह्यात बुडवलेला, चटणी घातलेला हा वडा अमरावतीत न खाता परत येऊ नये, एवढं मी कुठल्याही मनःस्थितीत सांगेन.

थेट अकोल्याला न उतरता अमरावतीला का थांबले, ते सांगते. चौकट नुसती काढून टाकायची, हे मला पटलं नव्हतं. त्या जागी वर्धा नदीचा एखादा छान फोटो बसवावा, म्हणजे पान अंगावर येणार नाही, असं मी ठरवलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी गाडी ठरवून कौंडण्यपूरला गेले. तासाभराचा रस्ता, कुऱ्ह्याच्या पुढे थोडा खराब. दोन्ही बाजूंना वेचणी संपत आलेला कापूस आणि शेंगांनी वाकलेली तूर. ढगाळ हवेने तुरीवर अळी पडते, असं ड्रायव्हर दोनदा बोलला.

कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर. देऊळ उंचावर, खाली नदी. यात्रा नसली की तिथे शांतता असते आणि शांतता म्हणजे छान, असं मी इतर ब्लॉगांत लिहिलं आहे. इथे ती मला भकास वाटली. यात्रेचे बांबू अजून तसेच उभे होते. नलिनीताईंच्या पानावर जिथे ते दोघं पायरीवर बसलेले दिसतात, ती पायरी सापडली. तिथे एक कुत्रं झोपलं होतं.

फुलं विकणाऱ्या आजींनी विचारलं, "एकल्याच आल्या जी?"

"हो. फोटो काढायला."

"आता काय काढता? यात्रेत याचं होतं न. आता त नुसतं पानी हाये."

नुसत्या पाण्याचे मी बरेच फोटो काढले. एकही चांगला आला नाही. नदी आणि आभाळ एकाच रंगाचं होतं.

अमरावती ते अकोला एसटीने अडीच तास, मूर्तिजापूरवरून. साधी गाडी घेऊ नका, ती प्रत्येक फाट्यावर थांबते. मी साधीच घेतली होती. जठारपेठेत वसंतरावांचं घर शोधायला त्रास झाला नाही. ते स्वतःच कोपऱ्यावर उभे होते, कोट घालून. पूर्वी कोर्टात वकिली करायचे, त्या वेळची सवय. आम्ही आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होतो.

"लय बरं झालं तुमी आल्या," ते म्हणाले. "घरात एक सांभाळा. अमोलचं नाव काढू नका. तिनंच काढलं त येते म्हना."

नलिनीताई पलंगावर बसून वाटाणे सोलत होत्या. फोटोंतल्यापेक्षा खूप लहान दिसत होत्या. मला बघून म्हणाल्या, "शाळेतून आल्या का?" मी हो म्हणाले. इतकी वर्षं ज्या बाईशी रोज सकाळी ग्रुपवर बोलले, तिच्यासमोर मी शाळेतून आलेली कोणीतरी होते. वाईट वाटलं. खूप वाटलं.

भिंतीवर अमोलचा फोटो नव्हता. वसंतरावांना माझी नजर कळली. स्वयंपाकघरात चहा गाळताना ते हळू आवाजात म्हणाले, "लावाचा त हार घालावा लागते. हार दिसला की तिले समजते. जुने अल्बम माळ्यावर टाकले." मग त्यांनी मला सगळं सांगितलं. नलिनीताईंची पानं छापून एका जाड अल्बमच्या प्लास्टिकच्या खिशांत लावलेली होती. रोज दुपारी त्या अल्बम उघडायच्या. कौंडण्यपूरच्या पानापाशी थांबायच्या, चौकटीतली ओळ मोठ्याने वाचायच्या आणि विचारायच्या, "अमोल कदी येते?"

"सुरुवातीले खरं सांगतलं मी," वसंतराव म्हणाले. "रडली. सायंकाळपर्यंत विसरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. किती वेळा मारू मी माह्या पोराले? मंग खोटं बोलाले लागलो. येते म्हनतो, पुढल्या कार्तिकात. आता तेही होत नाही माह्याच्यानं."

मी चहा तसाच ठेवला आणि कम्प्युटरपाशी गेले.

नलिनीताईंचे फोल्डर हजेरीपटासारखे होते, वर्षवार, महिनेवार, क्रमांकासकट. शेवटाकडे मात्र फाइलींची नावं ‘पान’, ‘पान नवीन’, ‘पान पान’ अशी होत गेली होती. मी ती उघडली नाहीत. कौंडण्यपूरची मूळ फाइल सापडली, फोटो, कागद, अक्षरं यांचे सगळे वेगवेगळे थर जागेवर. मी कामाला लागले, तेवढ्यात नलिनीताई शेजारी खुर्ची ओढून बसल्या. त्यांना उठवायचं कसं, ते मला सुचेना. वसंतराव दारात उभे राहिले.

त्या पडद्याकडे बघत होत्या. "हा फोटो जरा डावीकडे घ्या," त्या म्हणाल्या. बरोबर होतं. मी घेतला. "आता सावली कमी करा." तेही बरोबर. मला ओळखत नव्हत्या, पण पान ओळखत होत्या.

मी चौकट निवडली आणि पुसली. ओळही पुसली. माझे नदीचे फोटो त्या जागी लावून पाहिले, सगळे मेलेले दिसले. शेवटी देवळाचा जुना फोटो मोठा केला आणि ती जागा भरून टाकली.

"इथं जागा सोडा न थोडी," नलिनीताई म्हणाल्या. "सगळं भरू नका."

मी दाराकडे बघितलं. वसंतरावांनी मान हलवली, नाही म्हणून. मी पान तसंच ठेवलं. नलिनीताई थोडा वेळ बघत राहिल्या, मग वाटाण्यांकडे परत गेल्या. चौकट कुठे होती ते कोणाला कळलं नसतं. एरवी मी असल्या सफाईचं ग्रुपवर कौतुक करून घेते.

नवं पान चौकातल्या दुकानात छापून आणलं आणि अल्बमच्या खिशात सरकवलं. जुनं काढलेलं पान वसंतरावांनी माझ्या हातात दिलं. "हे तुमी घेऊन जा. घरात नको. अन् कम्प्युटरमधलंही पुसा." मी पुसलं. जुनं पान माझ्या बॅगेत, दोन साड्यांच्या मधे.

त्या दुपारी नलिनीताईंनी अल्बम उघडला. कौंडण्यपूर आलं. त्यांनी देवळाकडे बघितलं, "रुक्मिणीचं देऊळ," म्हणाल्या आणि पान उलटलं. वसंतराव वर्तमानपत्र धरून बसले होते. ते त्यांनी कितीतरी वेळ उलटलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बाळापूरला गेलो. अकोल्याहून जवळ आहे, अर्धा दिवस पुरतो. किल्ला चढायला सोपा, पण झुडपं फार वाढली आहेत, चपला नको, बूट घालून जा. नदीकाठची दगडी छत्री मला किल्ल्याहून आवडली. तिच्या खांबांचं अंतर इतकं मोजून ठेवलेलं आहे की माझ्यासारखीलाही बोट ठेवायला जागा नाही. नलिनीताई खूश होत्या. आम्ही डब्यातली भाकरी, वांग्याची भाजी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. त्यांनी मला दोनदा वाढलं, "घ्या न बाई, लाजून राहिल्या कावून." दिवसभर त्यांनी अमोलचं नाव काढलं नाही. घरून निघताना नाही, छत्रीत बसल्यावर नाही, शाळेच्या गणवेशातली मुलं सायकलवरून गेली तेव्हाही नाही.

परतताना गाडीत त्यांचा डोळा लागला. वसंतराव पुढे बसले होते. ते मागे न बघता म्हणाले, "आज नाही विचारलं."

"नाही विचारलं," मी म्हणाले.

"झालं मंग काम," ते म्हणाले. अकोला येईपर्यंत ते बाहेर बघत होते. मला वाटलं होतं त्यांना हलकं वाटेल. मानेवरून तरी तसं काही दिसलं नाही.

नाशिकला परत आल्यावर मी ग्रुपवर काही टाकलं नाही. दर सहलीनंतर मी पान करते, या सहलीचं झालं नाही. नदीचे फोटो अजून फोनमध्ये आहेत, पुसायलाही उत्साह नाही. जुनं पान बॅगेतून काढलं आणि कुठे ठेवावं ते कळेना, म्हणून टेबलाच्या काचेखाली ठेवलं. येता-जाता दिसायचं. ‘इथे अमोल.’ मी त्या मुलाला कधी पाहिलंही नव्हतं, पण जेवताना, फोनवर बोलताना तो माझ्या घरात असायचा. रिकाम्या चौकटीची कल्पना माझी, आणि ती भरली नाही तर काय करायचं, याचा मी कधी विचारच केला नव्हता. आता ग्रुपमध्ये कोणी नवीन आलं तर ती पद्धत सांगायला माझी जीभ रेटत नाही.

संक्रांत झाल्यावर वसंतरावांचा फोन आला.

"मेधाताई, ते जुनं पान हाये का तुमच्यापाशी?"

"आहे."

"पाठवून द्या."

मी का ते विचारलं नाही. तरी त्यांनी सांगितलं. "विचारत नाही नलू आता. एकदाही नाही. मले वाटलं होतं सुटलो. पन मंग दिवसभर घरात त्याचं नावच निघत नाही. मी एकटाच हावो त्याले ओळखनारा. दोन माणसांत एकच."

मी दुसऱ्याच दिवशी पान पुठ्ठ्यात घालून स्पीडपोस्टने पाठवलं. काच उचलली तेव्हा टेबलावर त्या जागी धूळ नव्हती.

पोचल्याचा फोन आला तो दुपारी. वसंतरावांनी पान परत अल्बममध्ये लावलं होतं, आणि नलिनीताईंनी आत्ताच ती ओळ वाचली होती. मोठ्याने, पूर्वीसारखी. मग विचारलं होतं, "अमोल कोन हाये जी?"

वसंतराव पुढे बोलत होते.

"मंग मी सांगतलं. आपला पोरगा. हैदराबादले असते. लहानपनी बाळापूरच्या छत्रीत लपून बसला होता, तू रडली होतीस, सगळं सांगतलं. तासभर सांगत होतो. तिनं सगळं आयकलं. अन् मंग म्हने, कदी येते?"

"मग?"

"मंग काय," ते म्हणाले. "म्हटलं, पुढल्या कार्तिकात."

त्यांच्या मागे नलिनीताईंचा आवाज आला, त्या कोणाला तरी सांगत होत्या की पोराची खोली झाडून घ्या. वसंतराव मला थांबा म्हणाले आणि झाडू आणायला गेले.

(नावं बदलली आहेत. लिहायला परवानगी घेतली आहे. शेवटी नेहमी पान जोडते, या वेळी जोडलेलं नाही. ते अकोल्यात आहे.)